शहाण्यानें कोर्टाची पायरी एकट्यानें चढूं नये

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घराघरांत इतकी रुळलेली आहे कीं, तिचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. ज्या पूर्वजांनीं ती रूढ केली, त्यांच्या डोळ्यांपुढें भाऊबंदकीचे दावे, बांधावरचीं भांडणें आणि पिढ्यान् पिढ्या चाललेलीं अपिलें होतीं. अशा ठिकाणीं पायरी चढणें न चढणें आपल्या हातीं असतें, म्हणून न चढण्यांत शहाणपण असतें. परंतु ज्याला समोरूनच बोलावणें आलें आहे, आणि न गेल्यास ज्याच्या पश्चात् निकाल लागणार आहे, त्यानें काय करावें, याविषयीं ती म्हण कांहींच सांगत नाहीं. ही उणीव भरून काढणें आज आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण तसें बोलावणें अलीकडे आपल्याच लोकांच्या दारीं येऊं लागलें आहे.

कर्वे पुतळ्यापासून चांदणी चौकापर्यंत आमच्या कोथरुडांत फिरून पाहिलें, तर आईबाप येथें आणि मुलेंबाळें अमेरिकेंत, अशीं घरें जागोजाग आढळतात. त्यांपैकींच एका घरांतून, एका वाचक भगिनीचें पत्र मागील महिन्यांत आम्हांस आलें. नांवगांव देण्याचें कारण नाहीं. त्यांचा मुलगा बरींच वर्षें तिकडे नोकरीस होता. ती नोकरी सुटली. दुसऱ्या नोकरीच्या आधारें व्हिसाची मुदत वाढवून मागणारा अर्ज नामंजूर झाला. आणि थोड्याच आठवड्यांत सरकारची नोटीस आली कीं, तुम्हांस या देशांतून कां घालवूं नये, हें इमिग्रेशन कोर्टापुढें अमुक तारखेस येऊन सांगा. मुलगा म्हणतो, ‘माझे कागद सगळे आहेत, मला इंग्रजी उत्तम येतें, मीं गुन्हा केलेला नाहीं, मग कित्येक हजार डॉलर वकिलाच्या पदरांत कशाला टाकूं?’ वडील म्हणतात, ‘फार झालें, उद्यांचें विमान धर आणि घरीं ये.’ आईनें आम्हांस विचारिलें आहे कीं, यांत खरें कोणाचें?

आमचें नम्र उत्तर असें आहे कीं, दोघांचेंहि नव्हे. आणि ज्या अर्थीं अर्ज नामंजूर होऊन वास्तव्याचा कायदेशीर आधार संपलेल्या माणसास अशी नोटीस काढावी, हें धोरण अमेरिकेच्या संबंधित खात्यानें फेब्रुवारी २०२५ मध्यें जाहीर केलें आहे, त्या अर्थीं हा प्रश्न एकट्या त्या भगिनीचा राहिलेला नाहीं.

प्रथम हें कोर्ट काय आहे तें समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील इमिग्रेशन कोर्ट हें तेथील इतर कोर्टांसारखें नाहीं. तें सरकारच्या न्यायखात्यांत मोडतें, आणि त्याचा न्यायाधीश हा त्या खात्याचाच नोकर असतो. परदेशीय माणसास देशाबाहेर घालविणें ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १८९३ सालीं दिला, आणि पुढील सारी इमारत त्या पायावर उभी राहिली. याचा परिणाम चमत्कारिक झाला आहे. गंभीर गुन्ह्याच्या आरोपींत वकील देण्याची ऐपत नसेल, तर सरकारनें तो दिला पाहिजे, हें तत्त्व तेथें १९६३ सालीं मान्य झालें. परंतु ज्यानें गुन्हाच केलेला नाहीं, अशा परदेशीयास त्याचा लाभ नाहीं. त्याला वकील देण्याचा हक्क कायद्यानें आहे. मात्र सरकारला त्यापायीं एक पैचाहि खर्च पडतां कामा नये, असें त्याच कलमांत लिहून ठेविलें आहे. समोर सरकारचा पगारी वकील उभा असतो. तेव्हां ‘मीं गुन्हा केलेला नाहीं’ हें मुलाचें वाक्य खरें असलें, तरी तें त्याच्या उपयोगाचें नाहीं. गुन्हेगारास मिळणारें संरक्षणहि त्याला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आतां ‘इंग्रजी उत्तम येतें’ हा दुसरा मुद्दा घेऊं. नोटिशींत सरकारचीं विधानें क्रमवार लिहिलेलीं असतात, आणि कोणत्या कलमान्वयें घालवावयाचें तें त्याखालीं दिलेलें असतें. आरंभींच्या तारखेस न्यायाधीश विचारतो, हीं विधानें कबूल आहेत कीं नाहींत? आपल्या सुशिक्षित मुलाचा स्वभाव असा कीं, शाळेंत गुरुजींस उत्तर द्यावें तसें तो भराभर ‘होय, होय’ म्हणत सुटतो. खोटें बोलावयाचें नाहीं हा त्याच्यावरचा संस्कार आहे, आणि तो योग्यच आहे. खोटें बोलावयास त्याला कोणी सांगत नाहीं. परंतु रीतसर व्हिसा घेऊन आलेल्या माणसाविरुद्धचा आरोप स्पष्ट व खात्रीलायक पुराव्यानें शाबीत करण्याचा बोजा त्या कायद्यानें सरकारवर टाकिला आहे. अमुक तारखेपासून तुमचें वास्तव्य बेकायदा झालें, हें विधान निव्वळ वस्तुस्थितीचें आहे, कीं त्यांत कायद्याचा अर्थ गुंतलेला आहे? मध्यंतरीं केलेल्या अर्जाचा त्यावर काय परिणाम होतो? हे प्रश्न वकिलास पडतात, मुलास पडत नाहींत. तो सगळें कबूल म्हणून मोकळा होतो, आणि सरकारचें अर्धें काम त्याच्याच तोंडून होऊन जातें. त्याचें इंग्रजी जितकें सफाईचें, तितकें हें काम लवकर उरकतें!

याच्या पुढची पायरी याहून अवघड आहे. आरोप कबूल झाला म्हणजे सारें संपलें असें नाहीं. राहण्याची परवानगी मिळण्याचे कांहीं मार्ग कायद्यांत आहेत. पत्नी किंवा पति त्या देशाचा नागरिक असेल, मायदेशीं छळाची भीति असेल, वास्तव्य फार वर्षांचें असेल, तर निरनिराळे अर्ज करतां येतात. पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, पुरावा वेगळा आणि मुदत वेगळी. छळाच्या भीतीनें आश्रय मागावयाचा, तर देशांत आल्यापासून सामान्यतः एका वर्षाच्या आंत अर्ज झाला पाहिजे. कोर्टानें नेमून दिलेल्या तारखेस अर्ज दाखल झाला नाहीं, तर तो हक्क सोडला असें धरण्यांत येतें. निकाल सांगितल्यावर न्यायाधीश विचारतो, निकाल मान्य आहे, कीं अपिलाचा हक्क राखून ठेवतां? थकलेला मनुष्य ‘मान्य आहे’ म्हणतो, आणि त्या दोन शब्दांनीं वरचें दार बंद होतें. अपील केलें, तरी जो मुद्दा खालीं मांडलाच नाहीं, तो वर ऐकून घेतील याची शाश्वती नसते. येथील चूक पुढच्या वर्षीं पुन्हां परीक्षेस बसून भरून काढतां येत नाहीं.

‘कागद सगळे आहेत’ असें म्हणणाऱ्यांनीं २०१९ सालचें फार्मिंग्टनचें प्रकरण आठवावें. मिशिगन संस्थानांतील या नांवाच्या विद्यापीठांत शेंकडो परदेशीय विद्यार्थ्यांनीं नांवें घातलीं होतीं, आणि त्यांत बहुतेक भारतीय होते. त्या वर्षाच्या जानेवारी महिन्यांत उघड झालें कीं, तें विद्यापीठ सरकारी अधिकाऱ्यांनींच सापळा म्हणून उभें केलेलें होतें. तेथें वर्गहि भरत नव्हते. विद्यार्थ्यांस हें ठाऊक होतें, असें सरकारचें म्हणणें. आम्ही फसलों, असें कित्येक विद्यार्थ्यांचें म्हणणें. कोणाचें मन स्वच्छ होतें आणि कोणाचें नव्हतें, हें ज्याच्या त्याच्या पत्रव्यवहारावरून, भरलेल्या फीवरून आणि केलेल्या चौकशीवरून ठरावयाचें. कागद पुष्कळांजवळ होते. परंतु पेटींतला कागद आपण होऊन बोलत नसतो. तो कोणत्या मुद्द्याच्या पुष्ट्यर्थ आणि कोणत्या वेळीं पुढें ठेवावयाचा, हें जाणणारा मनुष्य शेजारीं असावा लागतो.

मुलाचे तीनहि मुद्दे झाले. आतां वडिलांच्या उपायाकडे वळूं. निघून येणें हा त्यांस मानी मार्ग वाटतो, आणि त्यामागील कळकळ आम्ही जाणतों. परंतु नोटीस एकदां कोर्टांत दाखल झाली, म्हणजे नुसत्या निघून येण्यानें प्रकरण मिटत नाहीं. तारखेस नांव पुकारलें जातें, मनुष्य हजर नसतो, आणि त्याच्यामागें एकतर्फी हद्दपारीचा हुकूम होऊं शकतो. वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहून देश सोडणाऱ्यास पांच वर्षें परत येण्यास बंदी करणारें कलम त्या कायद्यांत आहे. हद्दपारीच्या हुकमाची बंदी तर सामान्यतः दहा वर्षांची असते. जो मुलगा चार दिवस घरीं विसांवा घेऊन दुसऱ्या नोकरीवर परत जाण्याचें मनांत धरून विमानांत बसतो, त्याचें दार असें नकळत लागून जातें. परत यावयाचेंच ठरलें, तर त्यालाहि रीत आहे: स्वेच्छेनें देश सोडण्याची परवानगी न्यायाधीशाकडे मागावी, म्हणजे हद्दपारीचा शिक्का बसत नाहीं. पण ती परवानगी घेऊन दिलेल्या मुदतींत जो निघत नाहीं, त्याला दंड होतो आणि दहा वर्षेंपर्यंत कित्येक सवलती त्याला मागतां येत नाहींत. म्हणजे राहण्यास जसा वकील हवा, तसा नीटपणें निघण्यासहि हवा.

वकिलाशिवाय उभें राहण्यांत धैर्य आहे, अशी समजूत पुण्यांत पुष्कळांची असते, आणि त्यांच्या मनांत लोकमान्यांची मूर्ति असते. १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांनीं आपला बचाव आपणच केला. कित्येक दिवस मिळून ते एकवीस तासांवर बोलले. परंतु दोन गोष्टी विसरूं नयेत. एक, टिळक १८७९ सालचे एलएल. बी. होते, आणि कायद्याचा वर्ग त्यांनीं स्वतः चालविला होता. दुसरी, त्यांचें भाषण ज्यूरीसाठीं जितकें होतें, त्याहून अधिक तें राष्ट्रासाठीं होतें. निकाल सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांच्या विरुद्ध गेला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. याच टिळकांवर १९१६ सालीं चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन देण्याचा हुकूम पुण्याच्या मॅजिस्ट्रेटानें केला, तेव्हां मुंबईच्या हायकोर्टांत त्यांच्या वतीनें बॅरिस्टर जिना उभे राहिले, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तो हुकूम रद्द झाला. ज्याला राष्ट्राशीं बोलावयाचें आहे, त्यानें खुशाल एकट्यानें उभें रहावें; ज्याला हुकूम रद्द करून घ्यावयाचा आहे, त्यानें वकील घ्यावा. हा विवेक खुद्द टिळकांच्याच चरित्रांत आहे.

खुद्द अमेरिकेंतला, आणि आपल्या लोकांचाच, एक जुना दाखला याहून बोलका आहे. अहमदाबादेस जन्मलेले सखाराम गणेश पंडित हे गृहस्थ तिकडे जाऊन राहिले. १९१४ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांस नागरिकत्व मिळालें आणि पुढें ते वकील झाले. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन लष्करांत नोकरी केलेले भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला, तेव्हां पंडित त्यांच्या वकिलांपैकीं एक होते. १९२३ सालीं तो खटला थिंड हरले: भारतीय मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिक होण्यास पात्र नाहीं, असें ठरलें. लगोलग सरकारनें इतर भारतीयांचें मिळालेलें नागरिकत्वहि काढून घेण्याचे दावे सुरू केले, आणि त्यांत पंडितांचाहि क्रम लागला. थिंड यांच्या निकालानंतर आपण गोरे आहों हें सिद्ध करण्यांत कांहीं अर्थ उरला नव्हता. पंडितांनीं प्रश्नच बदलला. १९१४ सालीं सर्व हकीकत माहीत असतां कोर्टानें निकाल दिला, सरकारनें त्यावर अपील केलें नाहीं, त्या निकालावर विसंबून मीं धंदा व संसार उभारला. आतां तोच निकाल उकरून काढण्याचा सरकारला अधिकार आहे काय, असें त्यांचें म्हणणें होतें. १९२६ सालीं वरिष्ठ कोर्टानें त्यांची बाजू उचलून धरली, आणि पुढील वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचा अर्ज ऐकून घेण्याचें नाकारिलें. त्यानंतर भारतीयांवरील अशा प्रकारचे उरलेले दावे सरकारनें सोडून दिले.

याच काळांत सॅनफ्रान्सिस्को येथील व्यापारी वैष्णोदास बगाई यांचेंहि नागरिकत्व गेलें होतें. १९१५ सालीं पत्नी व तीन मुलगे यांस घेऊन ते त्या देशांत आले होते आणि १९२१ सालीं नागरिक झाले होते. आपला मूळ देश सोडला आणि नव्यानेंहि नाकारिलें, या दुःखांत १९२८ सालीं त्यांनीं प्राणत्याग केला. त्या शोकांतिकेचें माप कायद्याच्या तागडींत घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु अन्याय तोच असतां पंडितांच्या घराचें छप्पर राहिलें, तें त्यांचें सत्य अधिक मोठें होतें म्हणून नव्हे. कोणता प्रश्न टाकून द्यावा आणि कोणता हातीं धरावा, हें त्यांस कळत होतें म्हणून. वकिलाचें खरें काम तें हेंच.

वकील केला म्हणजे यश हातांत आलेंच, असें मात्र आम्ही सांगत नाहीं. थिंड यांस वकील होतेच, आणि तरी ते हरले. तथापि अदमास यावा म्हणून एका अभ्यासाचा आधार देतों. २००७ ते २०१२ या काळांत अमेरिकेंत निकालांत निघालेल्या बारा लाखांवर प्रकरणांची पाहणी दोघां संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केली. तींत शंभरांतील सदतीस जणांसच वकील होता. अटकेंत असलेल्यांपैकीं तर फक्त चौदांस. जे कधींहि अटकेंत नव्हते, त्यांच्यापैकीं वकील असलेल्यांत शंभरीं साठ जणांस अनुकूल निकाल मिळाला, वकील नसलेल्यांत सतरांस. चांगले वकील बहुधा चांगलींच प्रकरणें हातीं घेतात, ही गोष्ट लक्षांत घेऊन या आंकड्यांतून कांहीं वजा करावें. तरी उरणारें अंतर थोडें नाहीं.

आतां व्यवहाराच्या चार गोष्टी. व्हिसाचे अर्ज भरून देणारा सल्लागार म्हणजे वकील नव्हे; तो येथील असो वा तेथील, कोर्टांत त्याला उभें राहतां येत नाहीं. शिवाजीनगरच्या कोर्टांत नांवाजलेले आपले आप्तहि तेथें निरुपयोगी. अमेरिकेंतील एखाद्या संस्थानाची सनद असलेला वकील, किंवा तेथील न्यायखात्यानें मान्यता दिलेला प्रतिनिधि, हेच त्या कोर्टांत चालतात. त्याची सनद चालू आहे कीं नाहीं, हें त्या संस्थानाच्या वकीलमंडळाकडे पाहून घ्यावें. अल्प खर्चांत वा धर्मार्थ काम करणाऱ्यांची यादी कोर्टाकडूनच मिळते. पहिल्या तारखेपर्यंत वकील मिळाला नाहीं, तरी गैरहजर न राहतां जावें आणि वकील शोधण्यास मुदत मागावी. ही विनंति सर्वस्वीं रीतसर आहे, आणि मुदत मिळेपर्यंत विधानांस घाईनें होकार देऊं नये. बिऱ्हाड बदललें, तर पांच दिवसांच्या आंत कोर्टास नवा पत्ता कळवावा. जुन्या पत्त्यावर गेलेलें पत्र पोंचलें असेंच बहुधा धरलें जातें. आणि किरकोळ म्हणून एखाद्या गुन्ह्याची कबुली देऊन दंडावर सुटण्याचा मोह झाला, तर त्याआधीं वकिलास विचारावें. अशा कबुलीनें देशांतलें राहणें जाऊं शकतें, म्हणून तसें बजावणें हें वकिलाचें कर्तव्यच आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं दिला आहे.

आईबापांनीं येथें बसून काय करावें? जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पदव्या, जुने पासपोर्ट हें सारें शोधून त्यांच्या प्रती तयार ठेवाव्या. फीसाठीं मुलास संकोच वाटत असेल, तर आपण होऊन पैशाची गोष्ट काढावी. परंतु सर्वांत मोठी मदत याहून वेगळी आहे. अशी नोटीस आली म्हणजे आपल्या घरांत पहिला विचार होतो तो अब्रूचा: वाड्यांत कळेल, सोयऱ्यांत कळेल, मुलीच्या लग्नांत विघ्न येईल. मग मुलास सांगण्यांत येतें कीं, कोणाजवळ बोलूं नकोस, काय तें आपल्या आपण निस्तर. ही गुप्तताच घातक होते. कारण तींत आठवडे जातात, आणि या कोर्टांत आठवडे हेंच भांडवल असतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें अमेरिकेच्या लष्करी विमानांतून १०४ भारतीय अमृतसरास आणून सोडले गेले, त्यांत तिघे महाराष्ट्रांतले होते. ते लोक निराळे, आपण निराळे, असें म्हणून आपण वर्तमानपत्र मिटून ठेविलें. मार्ग निराळे असतील. परंतु परक्या सरकारपुढें एकट्या उभ्या राहिलेल्या माणसाचें दुबळेपण पदवीनें कमी होत नाहीं.

आजारपणांत आपण वैद्य बोलावितों, त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. ज्याचें शिक्षण अधिक, तो वैद्य लवकर बोलावितो. कायद्याच्या संकटांतहि तेंच शहाणपण लागतें. म्हणून त्या भगिनीस आमचें सांगणें आहे कीं, आजच मुलाशीं बोलावें. कोर्टांत खरें तेंच सांग, पण तें कसें व केव्हां सांगावयाचें हें जाणणारा मनुष्य बरोबर घेऊन जा, असें त्याला बजावावें. तारीख कोणासाठीं थांबत नाहीं.